पीक किती आणे?

गावात यंदा पीक किती आलं हे सगळ्यात आधी शेतकऱ्याला कळतं, मग मजुराला, मग आडत्याला. सरकारला कळतं सगळ्यात शेवटी. पण कागदावर राहतं ते सरकारला कळलेलंच. मी तलाठी म्हणून नोकरी केली ती पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या कोरडवाहू सजांमध्ये. (आता या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. गावात अजून तलाठीच म्हणतात, आणि तोंडावर भाऊसाहेब.) सातबारा, फेरफार, वारसनोंद यांवरून माणसं आमच्याशी भांडायची, पण ते भांडण एका घराचं किंवा एका बांधाचं असायचं. अख्खं गाव मिळून भांडायला येई ते एकाच गोष्टीवरून, पैसेवारीवरून. जुनी माणसं तिला आणेवारीच म्हणायची.

हिशोब सोपा आहे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, आताच्या भाषेत शंभर पैसे. यंदाचं पीक त्या मानाने किती, ते ठरवायचं. गावाची अंतिम पैसेवारी पन्नासच्या आत आली की सवलती सुरू होतात: जमीन महसुलात सूट, पीककर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू बिलात ३३.५ टक्के सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीच्या निकषांत ढील, पाण्याचा टँकर. पन्नासच्या वर गेली की यातलं काही नाही. तेव्हा पैसेवारी हा आकडा शेताबद्दलचा दिसत असला, तरी त्यावर ठरतं ते सरकारच्या तिजोरीतून गावाकडे काय येणार. आणि तो आकडा काढणारं माणूस पगार घेतं त्याच तिजोरीतून. दोनशे वर्षांची सगळी कटकट इथे आहे.

दोनशे वर्षं उगाच म्हणत नाही. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांच्या आत पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी काढली. शेतातल्या उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करायचा, उरेल त्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असं त्याचं सूत्र. विलायतेतल्या अर्थशास्त्राच्या पुस्तकांत हे सूत्र शोभून दिसायचं. पण बियाणं किती, बैल किती, मजुरी किती, पीक किती, हे शेताशेतावर जाऊन लिहिणार कोण? हाताखालचे कारकून. त्यांनी कचेरीत बसून लिहिलं, पैसे घेऊन लिहिलं, आणि जिथे पैसे मिळाले नाहीत तिथे वाढवून लिहिलं. प्रिंगल माणूस कष्टाळू होता, आकडेमोड बिनचूक होती, आणि पायाच कच्चा होता. इंदापूर भागात सारा इतका बसला की लोक जमिनी टाकून परमुलखात निघून गेले.

मग १८३५ साली गोल्डस्मिड नावाचा दुसरा अधिकारी आला, त्याच्या जोडीला लेफ्टनंट विंगेट. इंदापुरातच त्यांनी काम नव्याने मांडलं आणि निव्वळ उत्पन्नाचा नाद सोडून दिला. जमीन खणायची, मातीचा रंग आणि खोली बघायची, चुनखडी, उतार, पाणथळ असे दोष धरायचे, आणि तिची प्रत लावायची. नऊ प्रती, सर्वांत वरची सोळा आण्यांची. सारा तीस वर्षांसाठी कायम. तेहतीस फुटांची साखळी आणि तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे सगळं आपल्या अंगवळणी पडलंय ते तेव्हापासून. प्रिंगलची पद्धत बुडाली आणि ही टिकली, त्याचं मला सुचणारं कारण असं: शेतकऱ्याचा खर्च किती हे कारकुनाच्या वहीत असतं, मातीची खोली शेतातल्या खड्ड्यात. खड्ड्यात कुणीही डोकावू शकतो.

पण या पद्धतीत एक भोक राहिलंच. सारा मातीवर बसला, पावसावर नाही. पाऊस पडो न पडो, रोख रक्कम भरायची. तीस वर्षं सरली आणि १८६७ मध्ये इंदापूरचा सारा नव्याने बसला तो चांगलाच चढा. पाठोपाठ कापसाचे भाव कोसळले आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांतले कर्जरोखे काढून जाळले. माणसाला हात लावण्यापेक्षा कागद हाती लागतात का, याकडे त्या जमावाचं लक्ष होतं. आपल्याबद्दल काहीतरी लिहिलेलं आहे, ते आपल्याला वाचता येत नाही, आणि त्याच्या जोरावर आपली जमीन जाते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्याच वर्षी, १८७६ चा दुष्काळ आला. त्यानंतर १८८० चं फॅमिन कमिशन आणि त्यातून निघालेली दुष्काळाची संहिता. पीक बुडालं तर सारा तहकूब करता येईल असे नियम झाले. बुडालं म्हणजे किती, हे आण्यांत ठरू लागलं. आणेवारीला पैशाचं वजन आलं ते तेव्हा.

हे नियम इंग्रजीत होते. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळकांनी दुष्काळाच्या संहितेचं मराठी करून ते खेड्यापाड्यांत पोचवलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन सांगू लागली की पीक इतक्या आण्यांच्या खाली असेल तर सारा तहकूब होतो, हा सरकारचाच नियम आहे, मागून घ्या. तीच माणसं गावाची माहिती लिहून आणायची. सभेला ही सवय जुनी होती. १८७३ मध्ये तिने महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या स्थितीचा स्वतःचा अहवाल काढला होता, आणि १८७६ च्या दुष्काळात सरकारी आकड्यांशेजारी ठेवायला आपले आकडे जमवले होते. सरकारचा राग कशावर झाला पाहा. सभेने बंड केलं नव्हतं, सारा बुडवा असंही तिचं म्हणणं नव्हतं. सरकारचं पुस्तक लोकांना वाचून दाखवलं, एवढंच. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. यापुढे सार्वजनिक प्रश्नांवर सरकारशी बोलण्याचा तिला हक्क नाही, असं कळवलं.

आणेवारीचं सर्वांत मोठं भांडण झालं ते मात्र आपल्याकडे नाही. ते गुजरातेत, खेडा जिल्ह्यात झालं, अर्थात तेव्हा तोही मुंबई इलाख्यातच. १९१७ चा पावसाळा वेडावाकडा झाला, खरीप नासलं. नियम असा: पीक चार आण्यांच्या आत असेल तर त्या वर्षीचा सारा पूर्ण तहकूब, सहा आण्यांच्या आत असेल तर निम्मा. लोक म्हणत चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर आधीच पाहणी करून आले होते. मग गांधीजी गेले. आज आपण खेडा सत्याग्रह म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे तुरुंग आणि जप्त्या येतात. माझ्यासारख्या माणसाला त्यात दिसते ती तलाठ्याची वही. गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले ते पीक किती आलं हे विचारत. माणसं गोळा करायची, खरिपाचं काय, रब्बीचं काय, आणे काढायचे. त्यांचा आकडा सरकारच्या आकड्याच्या खाली निघाला. त्यांनी मागणी केली ती सारा माफ करा अशी नव्हती. चौकशीला तिऱ्हाईत पंच नेमा, अशी होती. सरकारने ती फेटाळली. पीक किती आणे, हे ठरवणं अधिकाऱ्यांचं काम, त्यात रयतेने पडायचं कारण नाही, असा एकंदर सूर. कमिशनर प्रॅट यांनी लोकांना समोर बसवून हेच गुजरातीत समजावलं.

२२ मार्च १९१८ ला नडियादला सत्याग्रह सुरू झाला. जप्त्या झाल्या, गुरं नेली, उभी पिकं नेली. मोहनलाल पंड्या नावाच्या कार्यकर्त्याने, बेकायदा जप्त केलेल्या शेतातला कांदा लोकांना घेऊन उपटला, तुरुंगात गेला, आणि बाहेर आला तो ‘डुंगळीचोर’ ही पदवी घेऊन. लोकांनी ती त्याला कौतुकाने दिली होती. जूनमध्ये मिटवामिटव झाली: ज्याला झेपेल त्याने भरावं, गरिबाचा तहकूब. म्हणजे पीक चार आणे होतं की पाच, याचा निकाल लागलाच नाही. दोन्ही बाजूंना आपला आकडा खरा वाटत राहिला. मला वाटतं पंच नेमला असता तर तो कदाचित सरकारच्याच आकड्याजवळ आला असता. लोकांनी तो मानलाही असता.

लोकांनी मानला असता असं म्हणायला आधार आहे, बारडोलीचा. तिथे भांडण आणेवारीचं नव्हतं, साऱ्याच्या फेरआकारणीचं होतं. १९२७ मध्ये सारा २२ टक्क्यांनी वाढवला. खंडाने दिलेल्या जमिनींच्या आकड्यांवर ही वाढ बेतलेली होती, आणि ते आकडे गावात जाऊन पडताळलेले नव्हते. खंड म्हणून नोंदलेली रक्कम कुठे कर्जाचं व्याज होती, कुठे आणखी काही. १९२८ च्या सत्याग्रहानंतर सरकारने चौकशी मान्य केली आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना पाठवलं. दोघे गावोगाव गेले, लोकांपुढे बसून नोंद न् नोंद तपासली, आणि २२ च्या जागी वाढ सुचवली ती सुमारे ६ टक्के. दोघेही सरकारचेच नोकर, आणि त्यांचा शब्द बारडोलीने मानला. वाढ शून्य झाली नव्हती, तरीही मानला.

स्वातंत्र्याच्या आसपास या गोष्टीत संख्याशास्त्रज्ञ आले. तोवर देशाचं पीक किती हे काढायची रीत म्हणजे क्षेत्र गुणिले सरासरी उत्पन्न गुणिले आणेवारी, आणि आणेवारी म्हणजे नजर. चाळीसच्या दशकात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी, ते मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. शेत चिठ्ठीने निवडायचं, त्यातला ठरावीक तुकडा कापायचा, मळायचा, तोलायचा. कलकत्त्याला महालनोबिस यांचं म्हणणं तुकडा लहान घ्यावा, म्हणजे जास्त ठिकाणी घेता येतील. सुखात्म्यांनी दाखवून दिलं की तुकडा लहान असला की उत्पन्न फुगतं, कारण कडेवरची रोपं आत धरली जातात आणि लहान तुकड्याला मानाने कडा जास्त. दोघांचा हा वाद चांगलाच रंगला होता.

हा वाद मला पुढे एका बाजरीच्या शेतात नव्याने ऐकायला मिळाला. आमचा प्लॉट दहा मीटर बाय दहा मीटर, म्हणजे बरोबर एक आर. त्यात एक सोय आहे. प्लॉटमध्ये जेवढे किलो धान्य निघेल तेवढे क्विंटल हेक्टरी उत्पन्न, गुणाकार करायची गरज नाही, बांधावरच्या माणसालाही तोंडी हिशोब येतो. चार खुंट्या रोवल्या, टेप धरून सुतळी ओढली. कोतवाल, कृषी सहायक, सरपंच, शेतमालक आणि त्याचे चार भाऊबंद उभे. कोपऱ्यावर उभा एक म्हातारा म्हणाला, “भाऊसाहेब, दोर भाईर गेलाय. एक वळ जास्त आली तुमच्यात.”

सरपंच म्हणाले, “आबा, एका ओळीनं काय होतंय?”

आबांनी उत्तर दिलं नाही, वाकून दोर दाखवला. दोर खरंच वीतभर सरकला होता. मी मनातल्या मनात हिशोब केला. बाजरीच्या दोन ओळींत दीड फूट, दहा मीटरांत बावीस ओळी. एक जास्तीची म्हणजे साडेचार टक्के. अठ्ठेचाळीस पैशांचं पीक त्या एका ओळीने पन्नासच्या वर जातं. एका प्लॉटवर गावाची पैसेवारी ठरत नाही हे खरं, चांगल्या, मध्यम, हलक्या अशा सगळ्या जमिनींतले प्लॉट धरतात. पण ओळ बाहेरून आत येते तशी आतून बाहेर सहसा जात नाही. सुखात्म्यांचा शोध नेमका हाच, आणि आबांची शाळा बहुधा दुसरीपर्यंत. दोर परत ओढला.

या बाजरीच्या शेताच्या कितीतरी आधी, १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले. त्याच दिवशी कूळकायद्याने कुळं जमिनीची मालक झाली, त्यामुळे गावाच्या लक्षात तो दिवस राहिला तो वेगळ्याच कारणाने. आणेवारीची पैसेवारी झाली. सवलतीची रेघही कुठल्या कुठे गेली. खेडा जिल्ह्यात चार आण्यांसाठी माणसं तुरुंगात गेली, आज आठ आण्यांच्या आत आलं तरी सवलत मिळते. सरकार दयाळू झालं, असं म्हणता येईल. दुसऱ्या बाजूने, १९६३ साली महाराष्ट्राने एक कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला. परिस्थितीवर आमचं सतत लक्ष असतं, वेळीच मदत दिली जाते, तेव्हा ती अवस्था आता येणारच नाही, असा त्यामागचा विचार. नऊ वर्षांनी १९७२ आला. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं खडी फोडत होती. पुढे कागदोपत्री टंचाई किंवा टंचाईसदृश परिस्थिती असंच म्हणायची रीत पडली, ती थेट २०१६ पर्यंत. त्या वर्षी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि टंचाई या शब्दाच्या जागी दुष्काळ वाचावं, असं सरकारने जाहीर केलं.

आमच्या कामाचं चक्र असं: आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. खरिपाच्या गावांची अंतिम डिसेंबरात, रब्बीच्या गावांची पुढे मार्चच्या सुमाराला. नजर पैसेवारी म्हणजे नावाप्रमाणेच नजर, तिच्यावर कुणी फारसं भांडत नाही. सुधारित आणि अंतिम यांच्या मधल्या काळात काय होतं, ते लोकांना दिसत नाही. गावातून गेलेला आकडा आणि जिल्ह्याच्या यादीत छापून आलेला आकडा यांच्यामध्ये मंडळ, तहसील, उपविभाग इतकी टेबलं आहेत. शेजारशेजारच्या तालुक्यांत फार तफावत दिसू नये म्हणून वरून विचारणा होते. ती दर वेळी वाईट हेतूनेच होते, असं नाही. एखादं गाव खरोखर कमी दाखवत असतं. शेतकरीही साधू नसतो, कापणीचा दिवस कळला की आपलं सर्वांत मरतुकडं शेत दाखवायला पुढे येणारे मी पुष्कळ पाहिले. पण गावातून सेहेचाळीस गेलेला आकडा बावन्न होऊन परत आला आणि मधे काय झालं हे सांगायला कुणी नसलं, की पुढची दहा वर्षं त्या गावात जनगणनेपासून गुरांच्या गणनेपर्यंत कुठलाही खरा आकडा मिळत नाही. म्हशी किती विचारलं तर तोंडं बघत बसतात.

माहितीच्या अधिकाराने यात थोडा फरक पडला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. माझ्या शेवटच्या सजात एका पोराने पीक कापणीच्या तक्त्यांची नक्कल मागितली तेव्हा कचेरीत धावपळ उडाली. पीकविमा आल्यावर तर या तक्त्यांना पैशाचीच किंमत आली. गावाच्या किंवा मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर विमा ठरवावा ही कल्पना वि. म. दांडेकरांनी १९७६ मध्ये मांडली होती, तिचीच ही पुढची पिढी. आता कापणीला विमा कंपनीचा माणूसही उभा असतो, आणि त्याची नजर दोर आत सरकतोय का यावर. दोन्ही बाजूंचे डोळे असले की दोर आपोआप सरळ राहतो, हे मी पाहिलंय.

दुष्काळ जाहीर करण्याचे निकष २०१६ च्या केंद्राच्या संहितेने बदलले. आता पावसाची तूट, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, मातीतला ओलावा, भूजल असे निर्देशांक आधी पाहतात, मग निवडक गावांत जाऊन खातरजमा. ऑक्टोबर २०१८ मध्ये महाराष्ट्राने १५१ तालुके जाहीर केले ते याच रीतीने, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ४०. यादीबाहेर राहिलेल्या तालुक्यांतून तक्रार आली ती नेहमीचीच: आमच्याकडे कोण येऊन बघून गेलं? उपग्रह येऊन गेला, हे उत्तर चावडीवर पटत नाही. त्या मानाने २०२१ पासून आलेली ई-पीक पाहणी मला बरी वाटते. शेतकरी स्वतःच्या मोबाईलवरून आपल्या पिकाचा फोटो घालतो, सातबारावर पीक त्याच्या हाताने चढतं. नेटवर्क नसतं, म्हाताऱ्यांना जमत नाही, मुदत संपत आली की धांदल उडते, हे सगळं आहे. पण सोयाबीन पेरलं आणि तलाठ्याने तूर लिहिली, ही तक्रार करायला आता जागा राहिली नाही.

पैसेवारी अजून जाहीर होते, डिसेंबरात वर्तमानपत्रात यादी येते. त्यात एक गोष्ट करता येण्यासारखी आहे आणि तिला ना उपग्रह लागतो ना ॲप. मी एका हंगामात ती केली. कापणी झाली त्याच संध्याकाळी प्रत्येक प्लॉटचा गट नंबर, शेतमालकाची सही, हजर असलेल्यांची नावं आणि धान्याचं वजन एका कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलं. मंडळ अधिकाऱ्यांनी विचारलं, असा नियम आहे का. नव्हता. कागद राहिला. दोन दिवसांत दोन हरकती आल्या. एक निव्वळ भाऊबंदकीची होती. दुसरी एका बाईची: “वजन वल्या बाजरीचं केलंया, वाळल्यावर एवढी भरायची न्हाई.” नियमात वाळवून पुन्हा तोलायचं असतंच, घाईत ते राहून जातं. तिच्या प्लॉटची बाजरी चार दिवस उन्हात घातली, पुन्हा तोलली, चार किलो शंभर ग्रॅमची तीन किलो सहाशे भरली. फळ्यावरचा आकडा खोडून शेजारी नवा लिहिला आणि खाली तिचा अंगठा घेतला.